घरधनी आणि माळवद
(धर्मग्रामाच्या महोत्सवात गृहस्थांच्या सभेपुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या चालकांनी ‘कुटुंबवत्सल गृहस्थ’ हा विषय मजकडे सोपविला, तेव्हा प्रथम मला हसू आले. ज्याने संसार मांडलाच नाही त्याने संसारी माणसांपुढे संसारावर बोलावे, हे विहिरीत कधी न उतरलेल्याने पोहण्यावर व्याख्यान देण्यासारखे आहे. परंतु आमच्यासारख्यांस एक सवलत असते. काठावर बसून पाहणाऱ्यास पोहणाराचे हातपाय कोठे चुकतात हे कधी कधी बरे दिसते. पाव शतक मी लातूर-नांदेडकडील खेड्यापाड्यांतून आणि लहान बाजारगावांतून लोकांच्या ओसरीवर बसत आलो आहे. त्या बळावर चार शब्द बोलतो.

अशा प्रसंगी एखाद्या संताचे चरित्र सांगण्याचा प्रघात आहे. तो मी आज बाजूस ठेवितो. ज्याचे चरित्र कोणी लिहिले नाही आणि लिहिणारही नाही, अशा एका घरधन्याविषयी मला बोलावयाचे आहे. तो औसा तालुक्यातील किल्लारीचा, अथवा शेजारच्या उमरगा-लोहाऱ्याकडील एखाद्या गावाचा आहे असे समजा. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण तो एक नव्हे. तसे हजारो होते. त्यांतील बहुतेक आपल्या धर्माचे नव्हते. परंतु लेकरांच्या काळजीने रात्री कूस बदलणारा बाप कोणत्याही धर्माचा असला तरी सारखाच जागा असतो.

ह्या घरधन्याचे आयुष्य त्याच्या घरावरून वाचता येई. आपल्याकडे जुने घर फुटांत मोजीत नसत, खणांत मोजीत. चार लाकडी खांबांमधला जो गाळा तो एक खण. लग्न झाले तेव्हा वडिलांच्या वाड्यातले दोन खण वाट्यास आले. थोरल्याचे लग्न ठरले तेव्हा तिसरा उठला. एका वर्षी तूर चांगली पिकली, लातूरच्या आडतीवर भाव मिळाला, म्हणून चौथा. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. ह्यास आपण कडीपाट म्हणतो. आणि कडीपाटावर माती. हेच माळवद. भिंती काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या, दोन-अडीच फूट रुंद, आणि सधनाच्या घरी त्याहूनही जाड. भिंतीच्या पोटात धान्याचे बळद. वैशाखात बाहेर उन्हाने अंग भाजत असता आत गारवा. संध्याकाळी त्याच माळवदावर अंथरुणे पडत. दिवसा बायका तेथेच पापड-कुरडया वाळवीत. आणि मुले एका घराच्या माळवदावरून दुसऱ्याच्या माळवदावर उड्या मारीत साऱ्या आळीस वळसा घालून येत.

आता ह्या घराची देखभाल कशी होई ते ऐका, कारण माझ्या भाषणाचे मर्म तेथे आहे. मृगाच्या अगोदर प्रत्येक जबाबदार घरधनी माळवदावर चढे. मागल्या पावसाने कोठे चीर पडली आहे, कोठे पाणी झिरपले, हे पाही. मग गावाजवळची पांढरी माती गाढवांवरून आणवून ती वर पसरी आणि चोपून बसवी. जो हे करी त्याच्या घरात पाण्याचा थेंब टपकत नसे. जो करीत नसे त्यास लोक आळशी म्हणत, आणि त्याची बायको पावसाळाभर पातेली मांडीत बसे. म्हणजे माळवदावरची माती ही त्या माणसाच्या गृहस्थपणाची साक्ष होती. आजोबांनी घातलेली माती, तिजवर वडिलांची, तिजवर त्याची. जुनी काढून नवी घालावी असे सहसा कोणाच्या मनात येत नसे. मातीचा थर होता होता हातभर झाला.

हातभर माती म्हणजे किती, ह्याचा हिशेब आपण शेतकऱ्यांच्या मापाने करू. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी एक खोली घ्या. तिजवर दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट. घनफुटास सुमारे ४५ किलो धरले, तर ६,७५० किलो भरतात. क्विंटलाच्या पोत्याप्रमाणे तुरीची सदुसष्ट पोती एका निजावयाच्या खोलीवर रचून ठेवल्यासारखे झाले. आणि पावसाने माती भिजली म्हणजे ह्याहून अधिक. खाली पाळणा टांगलेला.

१९९२ सालच्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या आसपास जमीन हादरू लागली. पुढल्या वर्षाच्या आरंभापर्यंत लहानमोठे कित्येक धक्के बसले. १८ ऑक्टोबर १९९२ चा त्यांत मोठा. लोक भ्याले. परंतु देशाच्या भूकंप-नकाशात हा मुलूख पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत निर्धोक प्रदेशात दाखविलेला होता. धक्के येत राहिले, विशेष काही घडले नाही, आणि भीती हळूहळू बोथट झाली. भीती बोथट होणे हा मनुष्यस्वभाव आहे. त्याबद्दल मी कोणास दोष देणार नाही. पुढला मृग आला तेव्हाही घरधन्यांनी आपले नेहमीचे काम टाकले नसेल असे मला वाटते.

१९९३ च्या २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपतीच्या मिरवणुका निघाल्या. माणसे उशिरा घरी येऊन थकून झोपली. रात्र सरता सरता, ३० तारखेस पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. शास्त्रज्ञांनी त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास सांगितली आहे. जगातल्या मोठ्या भूकंपांत हा गणला जात नाही. दुसऱ्या एखाद्या देशात, दुसऱ्या रीतीच्या घरांत, इतक्या धक्क्याने मोजकी माणसे दगावली असती. येथे सरकारी मोजणीप्रमाणे ७,९२८ माणसे मेली. कित्येक जण हा आकडा दहा हजारांच्या जवळ नेतात. सुमारे सोळा हजार जखमी झाले. लातूर जिल्ह्यातील आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील ५२ गावे जमीनदोस्त झाली. बहुतेकांस जागे होण्यासही अवधी मिळाला नाही.

मला स्वतःला ह्या सर्व हकीकतीत सर्वांत अधिक बोचते ते निराळेच आहे. ज्यांस माळवद परवडत नव्हते, जे गावाच्या कडेला गवताच्या झोपडीत अथवा पत्र्याच्या आडोशास राहत, त्यांतील पुष्कळ वाचले. झोपडी हलली, कलली, फार तर अंगावर पडली. माणसे बाहेर आली. आणि ज्याने पोटास चिमटा घेऊन दगडी घर बांधिले, दरवर्षी न चुकता माती घातली, एकही थेंब लेकरांच्या अंगावर पडू दिला नाही, त्याचे घर प्रथम गेले. त्याने निष्काळजीपणा केला असता तर कदाचित त्याची मुले वाचली असती! प्रभूच्या दृष्टांतातला शहाणा मनुष्य खडकावर घर बांधितो, हे आपण पुष्कळदा ऐकिले आहे. किल्लारीच्या घरधन्याने तर घरही दगडाचेच बांधिले होते. ही गोष्ट मनात आली की प्रवचनास उभे राहताना माझी जीभ जड होते. ‘देवाने शिक्षा केली’ असे जे तेव्हा काही तोंडांतून निघाले, ते मला सहन होत नाही. शिक्षा कशाची? मृगाआधी माळवदावर चढल्याची?

तेव्हा त्या घराचे चुकले कोठे, हे नीट पाहिले पाहिजे. हळहळून भागावयाचे नाही. जाणत्या स्थापत्यशास्त्र्यांनी पडलेली घरे तपासून जे सांगितले ते आपल्या भाषेत असे आहे. आपली ती जाड भिंत वास्तविक एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरून एक पाख, आतून एक पाख, आणि मध्ये चिपा व चिखल भरलेला. दोहोंस आरपार बांधणारा लांब दगड गवंड्याने घातलेला नसतो. जमीन हलली की दोन्ही पाखे एकमेकांस सोडून फुगतात व ढासळतात. भिंतीवर टेकलेले माळवद मग त्या सदुसष्ट पोत्यांसह खाली येते. जेथे माळवदाचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, आणि खांब-तुळईचे सांधे शाबूत होते, तेथे भिंती बाहेर पडल्या तरी वरचे छत उभे राहिल्याची उदाहरणे आढळली. म्हणजे वाचविणारी वस्तू त्या घरातच होती. आपल्या आज्या-पणज्यांच्या सुतारांना ती ठाऊक होती. लाकूड महागले, खांब कमी झाले, भार भिंतींवर आला, आणि माती घालण्याची चाल मात्र तशीच राहिली.

ह्यावरून मी काय म्हणू पाहतो ते ध्यानात घ्या. त्या माणसाच्या मायेत उणे नव्हते. परंतु माया ही चालीरीतीच्या हातात हात घालून डोळे मिटून चालते. वडील करीत होते म्हणून मी करतो, ह्यात आदर आहे. पण वडिलांनी ते का केले, आणि आज ते तसेच केल्याने काय होईल, हे विचारण्याची उठाठेव माया आपण होऊन करीत नाही. ती उठाठेव घरधन्याने करावयाची असते. माझ्या ओळखीच्या एका सद्गृहस्थास मी त्याच्या माळवदाची माती किती जाड आहे असे विचारिले. तो म्हणाला, ‘फादर, मोजली नाही कधी. बाप घालत होता, मीबी घालतो.’ असा मनुष्य बायकोच्या आजारपणात रात्रभर उशाशी बसेल. माती मोजणार नाही.

आता भूकंपानंतरचे थोडे सांगतो. एका पहाटेत कित्येक घरधनी असे झाले की ज्यांस धनी म्हणावे असे घरच उरले नाही. कोणाची बायको गेली, कोणाची मुले, कोणाची सगळीच. अशा माणसांस मदतीच्या रांगेत उभे राहून धान्य, घोंगडी आणि पत्रे घ्यावे लागले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यास वाढिले त्यास हात पसरावा लागणे, हे दुःख मृत्यूच्या दुःखाहून निराळे आहे. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था ह्यांनी त्या भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. मुलांना नेले, हे आपण सहज बोलून जातो. ज्या बापाजवळ एकच लेकरू उरले होते त्याने ते दुसऱ्याच्या गाडीत बसविले, आणि आपण पत्र्याच्या शेडमध्ये परत आला, ह्याचा विचार करा. पोटाशी धरून ठेवणे त्यास सोपे गेले असते. मी आपल्या गावांतून असे बाप पाहतो, जे मुलीस आठवीनंतर लातूरला अथवा नांदेडला शिकावयास धाडीत नाहीत, आणि त्यास मायेचे नाव देतात. त्यांनी ह्या बापांकडे एकदा पाहावे. असो, हा विषयांतर झाला; पण तो मला टाकवेना.

सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने घरे बांधिली. ५२ गावे नव्या जागी वसली. ज्याची जशी जमीन तसे घर, २५० चौरस फूट, ४०० अथवा ७५०. रस्ते सरळ, घरे सुटी सुटी. काम मोठे झाले, ह्यात संशय नाही. परंतु जुन्या आळीत हाक मारिली की शेजारीण येई. नव्या गावात शेजार लांब गेला, शेतही लांब गेले. आणि पुष्कळ घरधनी कित्येक दिवस त्या सिमेंटच्या छताखाली निजेनात. अंगणात पत्र्याचा आडोसा उभारून तेथेच राहत. लोक त्यांस हसत. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. एकदा ज्याच्या छताने दगा दिला तो दुसऱ्या छतावर कागद पाहून विश्वास कसा ठेवील?

ह्याहून मला शिकण्याजोगे वाटते ते दुसरे काम. जी घरे पडली नाहीत पण तडकली, अशी सुमारे अडीच हजार गावांतली दोन लाखांच्या आसपास घरे दुरुस्त करून मजबूत करावयाची होती. पैसा हप्त्याहप्त्याने घरधन्याच्या हाती द्यावयाचा, आणि काम त्याने स्वतः करवून घ्यावयाचे. परंतु गवंड्यास सांगावयाचे काय, हे त्यास कोण समजावणार? तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेच्या प्रेमा गोपालन ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांस पुढे केले. संवाद-सहायक असे त्यांस नाव होते. चूल आणि शेत ह्यांपलीकडे ज्यांस कोणी काही विचारिले नव्हते, त्या बायका भिंतीत आरपार दगड घातला की नाही हे गवंड्यास विचारू लागल्या. नवऱ्यांस प्रथम हे रुचले नसेल. पण घरात दिवसाचे अठरा तास ज्या वावरतात त्यांस तडा कोठे आहे हे अगोदर दिसते, हे सांगावयास शास्त्र लागत नाही. आपल्या भाषेत घरधनी शब्दाच्या जोडीला घरधनीण हा शब्द आहे. तो केवळ लग्नाच्या गाण्यांपुरता नसावा.

तुम्ही म्हणाल, ह्यास तीस वर्षे होऊन गेली, आज ही गोष्ट कशाला? ह्यासाठी. २००२ साली भूकंपाचा नवा नकाशा झाला. पहिला विभाग त्यातून काढूनच टाकिला, आणि लातूर तिसऱ्या विभागात आले. २०२४ साली २१ मार्च रोजी पहाटे, आणि पुन्हा १० जुलै रोजी सकाळी, हिंगोली जिल्ह्यात साडेचार तीव्रतेचा धक्का झाला, तो नांदेडपर्यंत जाणवला. तुमच्यापैकी कित्येक जण तेव्हा अंगणात धावले होते. दोन दिवस त्याचीच चर्चा चालली. मग सोयाबीनचा भाव निघाला आणि ती थांबली. १९९२ सालीही असेच झाले होते. पुढे मोठा धक्का येईलच असे मी म्हणत नाही. ते सांगण्याची विद्या अद्याप कोणापाशीच नाही. परंतु आपल्या ह्या दोन्ही जिल्ह्यांत माळवदाची घरे अजून उभी आहेत. त्यांत आपलीच म्हातारी माणसे निजतात. तरुण मंडळी पुण्यास गेली, नवे घर बांधणे होत नाही, आणि माती मात्र दरसाल चढतेच आहे.

नवे घर बांधा असा उपदेश मी करणार नाही. तो फुकटचा उपदेश झाला. जुन्या घरातच जे करता येते ते सांगतो. पहिले, माती कमी करा. वीतभर राहू द्या, बाकीची खाली काढा. पाणी गळेल ही भीती असेल तर राहिलेल्या मातीच्या पोटात जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. त्याने गळती थांबते आणि भार निम्म्याने उतरतो. दुसरे, खांब आणि तुळई जेथे मिळतात तेथे दोन्ही बाजूंनी तिरके लाकूड ठोकून सांधा आवळा. सुतारास हे काम एका दिवसाचे आहे. आणि नासरेथच्या सुताराची तसबीर आपण घराघरांत लाविली आहे, तेव्हा सांधे ढिले ठेवणे आपल्यास शोभत नाही. तिसरे, भिंतीत ठिकठिकाणी आरपार भोक पाडून त्यात लोखंडी सळई व काँक्रीट भरून घ्या, म्हणजे दोन्ही पाखे एकमेकांस धरून राहतील. चौथे, जमल्यास माळवदाच्या खालून भिंतीस चोहोकडून तारेच्या जाळीचा व सिमेंटचा पट्टा बांधा. हे चौथे काम खर्चाचे आहे, आणि ते जाणत्या इंजिनिअरास दाखविल्यावाचून करू नये. तिसऱ्याविषयीही तेच. आणि हे सर्व होईपर्यंत म्हाताऱ्यांची व लेकरांची अंथरुणे जाड भिंतीच्या कडेला घालू नका. पडवीत, पत्र्याखाली घाला. ह्यास तर एक पैसाही लागत नाही.

पहिल्या कामास कोणाचीही परवानगी नको आणि इंजिनिअरही नको. उद्या सोमवार आहे. माळवदाच्या कडेस एक काठी खुपसून माती मोजा. वीतभर भरली तर ठीक. हातभर भरली तर दोन शेजारी बोलवा, आणि माती सगळी एका बाजूने न काढता चोहोंकडून सारखी काढा, नाहीतर भार एका अंगास जाऊन तुळई मुरगळेल. काढलेली माती अंगणात टाकू नका, परसात झाडांच्या आळ्यांत घाला. मंडळाच्या खोलीत फावडी आणि घमेली आहेत. ज्यास लागतील त्याने नाव लिहून न्यावीत, आणि मृगाच्या आधी परत आणून ठेवावीत.